खुर्चीवर चढणाऱ्यांसाठी: घरातले कोळी आणि किडे कसे हाताळायचे

रात्रीचे पावणेबारा. हात पुसायला टॉवेल ओढला आणि त्यामागे भिंतीवर तळहाताएवढा चपटा कोळी. तो हलला नाही, मीही हलले नाही. मग तो सरसर वर गेला आणि मी पलंगावर. पुढची वीस मिनिटं पाय वर घेऊन, हातात चप्पल धरून बसले होते. मारायला जवळ जायची हिंमत नाही, आणि तो तिथे आहे हे माहीत असताना झोप लागणं शक्य नाही. शेवटी उठून बघितलं तर कोळी गायब. दिसणाऱ्या कोळ्यापेक्षा न दिसणारा कोळी जास्त छळतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांच्यासाठी हा लेख.

कोळ्यांवर प्रेम करा, असं मी सांगणार नाही. मला ते अजूनही आवडत नाहीत. फरक एवढाच पडलाय की समोर कोण आहे ते आता ओळखता येतं, आणि त्यावरून काय करायचं ते ठरतं: राहू द्यायचं, बाहेर काढायचं, की मुळापासून निपटायचं. बहुतेक घरांत घोळ होतो तो इथेच. निरुपद्रवी कोळ्यावर फवाऱ्याचा अर्धा डबा रिकामा होतो आणि सिंकखाली झुरळांची चौथी पिढी सुखाने नांदत असते.

पायरी पहिली: आत्ता, या क्षणी कोळी समोर असेल तर

आधी सामान. रुंद तोंडाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा किंवा वाडगा घ्या. काचेचा ग्लास नको. हात थरथरतो आणि मग कोळी परवडला पण काचा नको, अशी अवस्था होते. डबा पारदर्शकच हवा, कारण आत काय चाललंय ते दिसलं नाही तर तो उचलायचं धाडस होत नाही. सोबत जाड कागद: शुभेच्छापत्र, कॅलेंडरचा पुठ्ठा, असं काहीही. वहीचं पान मध्येच वाकतं.

आता थांबा. कोळी पळत असेल तर पळू द्या. त्याची धाव जोरदार असते पण छोटी. लगेच दमतो आणि थबकतो. तो थबकला की डबा हळू पुढे न्या. झपकन नेलात तर पायांवरच्या बारीक केसांना हवेचा झोत कळतो आणि तो पुन्हा सुटतो. शेवटच्या वीतभर अंतरात मात्र रेंगाळू नका, डबा भिंतीला टेकवून घट्ट धरा. एखादा पाय कडेखाली अडकला असेल तर डबा केसभर उचला, तो आपणहून पाय आत ओढून घेतो. मग पुठ्ठा भिंतीला चिकटवून एका बाजूने आत सरकवा. पूर्ण सरकला की पुठ्ठ्यावर तळहात ठेवून सगळंच भिंतीपासून अलग करा. हाताला पुठ्ठ्याखाली हालचाल जाणवत नाही, याची मी खात्री देते. मला तीच भीती होती.

बाहेर गेल्यावर डबा जमिनीवर आडवा ठेवा, पुठ्ठा काढा आणि मागे व्हा. उंबऱ्यावर सोडू नका, झाडांच्या किंवा कुंपणाच्या कडेला सोडा. बाहेर कडाक्याची थंडी असेल तर जिना, शेड, पार्किंग अशी आडोशाची जागा बरी. घरात राहणाऱ्या कितीतरी जाती पिढ्यान्‌पिढ्या घरातच वाढलेल्या असतात, उघड्यावर त्या तग धरत नाहीत.

कोपऱ्यात डबा बसत नाही, ही या पद्धतीची खरी अडचण. अशा वेळी लांब दांड्याच्या ब्रशने कोळ्याला अलगद सपाट भिंतीकडे वळवा. तेही जमत नसेल तर व्हॅक्यूम क्लीनरची लांब नळी आहेच. त्यात कोळी बहुधा मरतो, पण वीस मिनिटं पलंगावर बसण्यापेक्षा मला ते मान्य आहे. पिशवी नंतर घराबाहेर रिकामी करायची.

फवारा मात्र टाळा. कोळी पायांच्या टोकांवर चालतो, त्यामुळे फरशीवर मारलेलं औषध त्याला फारसं लागत नाही. थेट अंगावर मारलं तर तो लगेच मरत नाही. सैरावैरा पळतो किंवा छतावरून सुटून खाली पडतो, आणि खाली आपण उभे असतो.

मेलाय की नाही, हे कसं ओळखायचं? कोळ्याला पाय लांब करायला स्नायू नसतातच म्हटलं तरी चालेल. शरीरातल्या द्रवाच्या दाबाने तो पाय ताणतो. मेला की दाब जातो आणि सगळे पाय पोटाशी आखडतात. मुठीसारखा मिटलेला, उताणा पडलेला कोळी बहुधा संपलेला असतो. आणि हुबेहूब कोळी, पण पोकळ, फुंकर मारली की उडणारा, असं काही सापडलं तर ती टाकलेली कात आहे. वाढताना कोळी कात टाकतात. मी एकदा एका कातीला तासभर घाबरले होते.

पायरी दुसरी: हा कोण?

जगात कोळ्यांच्या 50,000 हून जास्त जातींची नोंद झाली आहे. घरात नेहमी भेटणारे प्रकार मात्र बोटांवर मोजण्याएवढे असतात, आणि ते ओळखायला तज्ज्ञ व्हावं लागत नाही.

छताच्या कोपऱ्यात विस्कटलेल्या जाळ्यात उलटा लटकणारा, काडीसारख्या लांब पायांचा फिकट कोळी सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याला धक्का लागला की तो जाळ्यासकट इतका जोरात थरथरतो की नुसता धूसर गोळा दिसतो. हा हल्ला नसतो, स्वतःला दिसेनासं करायची युक्ती असते. हाच जगातला सर्वांत विषारी कोळी, फक्त त्याचे दात आपल्या कातडीत शिरत नाहीत, अशी एक कथा फिरत असते. ती खोटी आहे. खरं एवढंच की तो दुसऱ्या कोळ्यांना जाळ्यात गुंडाळून खातो. मोठ्या कोळ्यांची भीती असणाऱ्यांनी याला कोपऱ्यात राहू द्यावं, असं माझं मत आहे. जळमटं मात्र काढत राहायची, कारण धूळ धरलेली जळमटं म्हणजे बहुतेक वेळा सोडून दिलेली घरं असतात.

खिडकीच्या चौकटीवर टुणटुण उड्या मारणारा, नखाएवढा, केसाळ कोळी दुसरा. त्याच्या आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन टपोरे असतात आणि नजर उत्तम असते. तुम्ही बोट हलवलंत तर तो वळून बघतो. भीती घालवायची सुरुवात करायची असेल तर याच्यापासून करा, कारण या सगळ्या मंडळींत चेहरा असलेला हा एकटाच वाटतो.

तिसरा माझ्या टॉवेलमागचा. तळहाताएवढा, चपटा, तपकिरी, उष्ण प्रदेशात घरोघरी आढळणारा. जाळं विणत नाही, रात्री भिंतींवर फिरून शिकार करतो, आणि त्या शिकारीत झुरळं मोठ्या प्रमाणात असतात. मादी पोटाखाली गोल, चपटी, पांढरी अंड्यांची थैली धरून फिरते. ती दिसली तर तिला चिरडण्यापेक्षा डब्याखाली घेऊन बाहेर काढणं सोयीचं. थैली फुटली तर पिल्लं घरभर होण्याची शक्यता असते.

न्हाणीघरातल्या टबात किंवा बेसिनमध्ये सकाळी सापडणारा कोळी पाइपातून वर आलेला नसतो. तो पाणी शोधत फिरताना आत घसरतो आणि गुळगुळीत कडेवरून त्याला चढता येत नाही. टॉवेलचं एक टोक आत सोडून ठेवा, तो निघून जातो. (निघून कुठे गेला, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही.)

धोकादायक कोळी आहेत का? आहेत. काळी चकचकीत, पोटावर लाल खूण असलेली ‘विडो’ आणि तपकिरी ‘रेक्लूज’ यांचे वेगवेगळे भाऊबंद अनेक देशांत आहेत. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या परिसरातला ‘फनेल-वेब’ खराखुरा जीवघेणा आहे, पण त्यावरचं प्रतिविष 1981 पासून उपलब्ध आहे आणि त्यानंतर त्याच्या दंशाने मृत्यू झाल्याची खात्रीशीर नोंद नाही. तुम्ही राहता त्या भागात यांपैकी कोण आहे, एवढं एकदा नीट माहीत करून घ्या. दोन-तीन चित्रं लक्षात ठेवली की बाकीच्यांबद्दलची धडधड निम्मी होते. चावलाच तर जागा साबणाने धुवा, थंड पट्टी ठेवा. पेटके, जोराचा घाम, श्वासाचा त्रास किंवा पसरत जाणारी जखम असेल तर सरळ डॉक्टर गाठा. जमलं तर कोळ्याचा फोटो घेऊन जा. अंगावरचा प्रत्येक फोड कोळ्याच्या नावावर घालू नका. अशा कितीतरी जखमा तपासल्यावर जंतुसंसर्गाच्या निघतात.

पायरी तिसरी: खरी लढाई झुरळांशी

कोळी हा पाहुणा, झुरळ हा भाडेकरू. कोळी एकटा असतो, झुरळ कधीच एकटं नसतं. घरात कोळी वाढले असतील तर त्यांना खायला भरपूर मिळतंय, असाही त्याचा अर्थ होतो.

आधी कोणतं झुरळ ते बघा. मोठं, तांबूस, बोटाच्या दोन पेरांएवढं असेल तर ते बहुधा गटारातून किंवा पाइपांच्या वाटेने आलेलं असतं. वाट बंद केली की बराच प्रश्न मिटतो. लहान, दीड सेंटिमीटरच्या आतलं, मानेवर दोन गडद पट्टे असलेलं असेल तर ते तुमच्या स्वयंपाकघरातच जन्मलंय. याची मादी 30 ते 40 अंड्यांची डबी पोटाला चिकटवून फिरते आणि पिल्लं बाहेर पडायच्या सुमारास टाकते. म्हणून एक मादी निसटली की महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच.

रात्री दिवा न लावता टॉर्च घेऊन बघा. फ्रिजच्या मोटरपाशी, सिंकखालच्या कपाटाच्या बिजागऱ्यांत, ओट्याच्या सांध्यात, मायक्रोवेव्हमागे. कुठे मिऱ्याच्या भुकटीसारखे काळे कण आणि कुबट, तेलकट वास असेल, तिथे वस्ती आहे. फवारा मारायचा मोह इथेच होतो आणि इथेच फसगत होते. फवाऱ्याने समोरची चार मरतात, उरलेली बिचकून पलीकडच्या फटीत सरकतात. शिवाय बऱ्याच ठिकाणच्या झुरळांना नेहमीची औषधं आता पुरेशी लागू होत नाहीत.

जेल वापरा. सिरिंजमधून येणारं खाद्य-जेल हरभऱ्याच्या डाळीएवढ्या थेंबांत, वस्तीच्या अगदी जवळ, बिजागऱ्यांमध्ये आणि सांध्यांत लावायचं. चार मोठे ढीग करण्यापेक्षा चाळीस छोटे थेंब चांगले. झुरळ ते खाऊन परत जातं, फटीत मरतं, त्याची विष्ठा आणि मेलेलं शरीर बाकीची खातात आणि तीही मरतात. वाचायला ओंगळ आहे, पण याच ओंगळपणावर जेल चालतं. जेल लावलेल्या जागी फवारा किंवा फिनेल मारलंत तर मात्र झुरळं तिकडे फिरकणारच नाहीत. मी पहिल्या वेळी दोन्ही एकदम केलं होतं आणि महिनाभर दोन्हींना नावं ठेवली.

जोडीला पाणी तोडा. झुरळ अन्नाशिवाय कितीतरी दिवस काढतं, पाण्याशिवाय फार नाही. रात्री सिंक कोरडं पुसा, गळका नळ दुरुस्त करा, फ्रिजखालचा ट्रे रिकामा करा. फटी बुजवताना ‘एवढ्याशा भेगेतून काय येणार’ असं म्हणू नका. 2016 मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की मोठं अमेरिकन झुरळ अंग चपटं करून 3 मिलिमीटरच्या फटीतूनही सेकंदभरात पार होतं. पाइप भिंतीत जिथे शिरतो तिथला गोल, कपाटाच्या मागची कड, प्लगच्या चौकटीभोवतीची पोकळी, सगळीकडे सिलिकॉन सीलंट किंवा पुट्टी भरा. सुरुवात तिथूनच करा, जिथे टॉर्चच्या उजेडात हालचाल दिसली होती.

बाकीच्यांची झटपट हजेरी

मुंग्यांची रांग दिसली तर फवारा मारू नका. रांग वासाच्या खुणेवर चालते. साबणाच्या पाण्याने ती वाट पुसली की रांग भरकटते. पुन्हा येत असतील तर हळू काम करणारं आमिष ठेवा, म्हणजे त्या ते वारुळात घेऊन जातील. पहिल्या दिवशी आमिषावर झुंबड उडते तेव्हा धीर धरायचा.

न्हाणीघराच्या भिंतीवर बसणाऱ्या केसाळ, पतंगासारख्या बारीक माश्या मोरीच्या पाइपातल्या गाळात वाढतात. जाळीवर रात्री चिकटपट्टी लावून बघा, सकाळी माश्या चिकटल्या तर घर सापडलं. उपाय लांब ब्रशने पाइप घासणं, नुसतं उकळतं पाणी पुरत नाही. फळांवरच्या चिलटांना वाटीत व्हिनेगर आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब.

जुन्या पुस्तकांतून सुळकन निघणारी, शेपटीला तीन केस असलेली चंदेरी कसर दमट हवेवर आणि खळीवर जगते. कपाट उघडं ठेवा, हवा खेळू द्या. धान्यात सोंडकिडे झाले तर लहान साठा चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गोम दिसली तर बाहेर काढा. मोठी असेल तर हात अजिबात लावू नका, तिचा चावा चांगलाच झोंबतो.

डास हा वेगळाच विषय आहे आणि त्यात किळस नाही, आजार मोजायचे असतात. साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओता आणि भांड्याच्या कडा घासा, कारण काही डासांची अंडी कोरड्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने टिकतात.

दोन बाबतींत घरचे उपाय करत बसू नका. एक, ढेकूण: गादीच्या शिवणीत काळे ठिपके, सकाळी अंगावर ओळीने उठलेल्या गांधी. त्यांचा घराच्या स्वच्छतेशी संबंध नसतो, ते सामानातून येतात. कपडे आणि चादरी 60 अंशांच्या पाण्यात धुवा आणि कीडनियंत्रणवाल्यांना बोलवा. दुसरं, वाळवी: भिंतीवर मातीच्या नळ्या किंवा खिडकीखाली गळून पडलेल्या सारख्या लांबीच्या पंखांचा ढीग. पंखवाल्या मुंग्यांची कंबर बारीक असते आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ. एवढं बघून घेतलंत तर अर्ध्या वेळा फोन करायची गरजच पडत नाही.

पायरी चौथी: यायची वाट बंद करणं

संध्याकाळी बाहेरचा पांढरा लख्ख दिवा म्हणजे किड्यांना धाडलेलं आमंत्रण. दिव्याला किडे, किड्यांना कोळी आणि पाली. बाहेरचा दिवा पिवळसर एलईडी करा किंवा गरजेपुरताच लावा, आतले पडदे अंधार पडायच्या आधी ओढा. दाराखालून उजेड दिसत असेल तर त्या फटीला रबरी पट्टी लावा. खिडकीच्या जाळीच्या कडा तपासा. जाळी धड असते पण चौकट आणि भिंतीमध्ये बोटभर जागा असते, हे माझ्याच घरात तीन वर्षांनी कळलं. पलंगाखालचे पुठ्ठ्याचे खोके झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यांनी बदला आणि चादर जमिनीला टेकू देऊ नका.

पुदिन्याचं तेल, लिंबाचा रस वगैरेंबद्दल: 2018 मध्ये झालेल्या एका चाचणीत पुदिन्याच्या तेलापासून काही जातींचे कोळी दूर राहिले, लिंबाच्या तेलाचा काहीही परिणाम झाला नाही. तेलाचा वास उडून जातो, फट उडून जात नाही. घरात मांजर असेल तर तीव्र सुगंधी तेलं वापरू नका, आणि पर्मेथ्रिन असलेली कीटकनाशकं तर तिच्या आसपासही नकोत. ती मांजरांना विषारी असतात.

पायरी पाचवी: आपल्या डोक्यातला कोळी

किळस आणि भीती वेगळ्या असतात. झुरळ पाहून शिसारी येते, पण आपण ते झटकून टाकतो. कोळी पाहून बोबडी वळते, खोलीत पाऊल टाकवत नाही, आणि बाहेर गेल्यावरही मन तिथेच अडकलेलं असतं. किळस असेल तर वरचं सगळं पुरेसं आहे. भीती असेल तर तिच्यासाठी वेगळा जिना चढावा लागतो.

आधी कोळ्याचं रेखाचित्र बघा. मग फोटो. मग आवाज बंद करून व्हिडिओ. मग डब्यातला खरा कोळी, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मग एक पाऊल पुढे. प्रत्येक पायरीवर धडधड वाढते आणि पळून गेलं नाही तर थोड्या वेळाने ओसरते. ती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं, हाच सगळा उपचार. भीती शिखरावर असताना निघून गेलात तर डोकं एवढंच शिकतं की पळालो म्हणून वाचलो. मी फोटोच्या पायरीवर आठवडाभर होते, अंगठ्याने स्क्रीनचा तो भाग झाकून वाचायचे. नंतर अंगठा थोडाथोडा बाजूला केला.

अशा भीतीवर मानसोपचारात चांगले उपचार आहेत. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी 1989 मध्ये एकाच बैठकीत, जास्तीत जास्त तीन तासांत करायची पद्धत मांडली. त्यात उपचारक शेजारी उभं राहून आधी स्वतः करून दाखवतो. भीतीपायी सहा महिन्यांहून जास्त काळ खोली, कपाट, बाल्कनी वापरणं टाळत असाल तर लाजू नका, तज्ज्ञाकडे जा. लहान मुलांसमोर किंचाळणं मात्र आवरता आलं तर आवरा. मुलं कोळ्याकडे नाही, आपल्या चेहऱ्याकडे बघून घाबरायला शिकतात.

माझा डबा आणि पुठ्ठा आता न्हाणीघराबाहेरच्या फळीवर कायम ठेवलेला असतो, शोधाशोध करण्यात कोळी हरवू नये म्हणून. आणि घरात जो घाबरत नाही, त्याच्यासाठी एक सूचना: पकडलेला कोळी दाखवायला आणू नका. “सोडला बाहेर” एवढंच सांगा, आणि खरंच सोडला असेल तरच सांगा.